जे नावात, त्याचे प्रमाण पाठीवर

प्रति,
माननीय औषध महानियंत्रक, भारत
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली

विषय: चेहऱ्यासाठीच्या अँटिऑक्सिडंट सीरमवर मुख्य घटकांचे प्रमाण छापणे सक्तीचे करण्याबाबत

माननीय महोदय,

कुंभकोणमच्या दक्षिणेला लागून असलेल्या साक्कोट्टै गावातून हे पत्र लिहिते आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या काळात या मुलखात येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी आमचे एक घर. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, असे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या, कापडदुकानांत कामाला असणाऱ्या मुली सीरमची बाटली घेऊन येतात आणि विचारतात, "टीचर, हे चांगलं आहे का? पैसे वाया तर गेले नाहीत ना?"

प्रश्न साधा आहे आणि रसायनशास्त्रात त्याला उत्तरही आहे. पण बाटलीवरच्या मजकुरावरून ते उत्तर देता येत नाही, कारण ज्यावर ते अवलंबून आहे तेच तिथे छापलेले नसते. हे छापून घेण्याचा मार्ग आपल्या कार्यालयातून जातो, म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी अशा बाटलीचे काम काय ते सांगते. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत मुक्त मूलके तयार होतात. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि तो भरून काढण्यासाठी ती पेशींतल्या मेदावर, प्रथिनांवर, डीएनएवर तुटून पडतात. सुरकुत्या, काळे डाग, त्वचेचा सैलपणा यांत या झिजेचा वाटा मोठा असतो. त्वचेकडे स्वतःचा बंदोबस्त असतो: क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन. हे पदार्थ आपला इलेक्ट्रॉन देऊन मुक्त मूलकाला शांत करतात. ऊन जास्त झाले की हा साठा कमी पडतो. तो बाहेरून भरून काढायचा, एवढीच अँटिऑक्सिडंट सीरममागची कल्पना आहे. कल्पना खरी आहे, तिला प्रयोगांचा आधार आहे. म्हणूनच ती अर्धवट माहितीवर विकली जाऊ नये असे मला वाटते.

सर्वांत जास्त खपणारा घटक क जीवनसत्त्व, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड. त्याचा गुण आणि त्याची अडचण एकच आहे: ते इलेक्ट्रॉन चटकन देते. त्वचेत ते मुक्त मूलकाला इलेक्ट्रॉन देते, तसेच बाटलीत हवेतल्या ऑक्सिजनलाही देते. मग त्याचे डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड होते, पुढे त्या रेणूचे कडे उघडते आणि तिथून परत फिरता येत नाही. पाण्यासारखे दिसणारे सीरम पिवळे, मग केशरी, मग तपकिरी होत जाते. उष्णता, उजेड, हवा यांनी हे सगळे वेगाने घडते. आमच्या कावेरीच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा 38 अंशांच्या आसपास जातो. विदर्भात त्याहून वर. कारखान्यातून गोदामात, गोदामातून मालट्रकमध्ये, तिथून पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात आलेल्या बाटलीत यातले किती शिल्लक राहिले, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी कुंभकोणम प्रसिद्ध आहे. तांब्याच्या भांड्यात लिंबाचे सरबत ठेवू नये हे इथल्या प्रत्येक घरात ठाऊक असते. आंबटाने तांबे सुटते हे त्याचे एक कारण. दुसरे असे की तांब्याचे अगदी सूक्ष्म कणसुद्धा क जीवनसत्त्वाचे विघटन झपाट्याने घडवतात. म्हणूनच बऱ्याच सीरममध्ये डायसोडियम ईडीटीए असते. नाव ऐकून मुली घाबरतात. प्रत्यक्षात ते पाण्यातले तांबे आणि लोह पकडून ठेवते आणि क जीवनसत्त्वाला वाचवते. घटकांच्या यादीतले अवघड नाव घातक असते आणि ओळखीचे नाव गुणकारी असते, हा समज किती फसवा आहे, हे यावरून दिसते.

आता प्रमाण आणि आंबटपणा. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील त्वचातज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये डुकराच्या त्वचेवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत दिसले की एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड त्वचेत शिरायचे तर द्रावणाचा पीएच 3.5 च्या खाली असावा लागतो. 20 टक्क्यांपर्यंत प्रमाण वाढवले की शोषण वाढते, त्यापुढे वाढवून फायदा नाही. रोज लावले तर तीन दिवसांत त्वचेतला साठा भरतो आणि लावणे थांबवल्यावर तो निम्मा व्हायला सुमारे चार दिवस लागतात. त्याच प्रयोगात मॅग्नेशियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट आणि अ‍ॅस्कॉर्बिल पामिटेट यांनी त्वचेतले क जीवनसत्त्व वाढले नाही. बाजारात मात्र या सगळ्यांवर मोठ्या अक्षरात एकच शब्द असतो: व्हिटॅमिन सी. सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट, 3-ओ-एथिल अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड ही रूपे जास्त टिकतात, कमी चरचरतात आणि नाजूक त्वचेला सोसतात. त्यांचीही जागा आहे. पण प्रत्येकाचे वागणे वेगळे, लागणारे प्रमाण वेगळे, पुरावाही वेगळा. एका नावाखाली सगळ्यांना बसवले की निवड करणारीच्या हातात काहीच उरत नाही.

याच गटाने 2005 मध्ये दाखवले की 15 टक्के एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आणि 1 टक्का ई जीवनसत्त्व यांच्या द्रावणात 0.5 टक्के फेरुलिक अ‍ॅसिड घातले तर द्रावण जास्त टिकते आणि उन्हापासून मिळणारे संरक्षण चौपटीवरून आठपट होते. प्रयोग पुन्हा डुकराच्या त्वचेवरचाच. आज जगभर विकल्या जाणाऱ्या कितीतरी सीरमचा नमुना हा आहे. या तीन आकड्यांकडे पाहा, महोदय. 30 मिलिलिटरच्या बाटलीत 15 टक्के म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम क जीवनसत्त्व. तेच प्रमाण 0.1 टक्का असेल तर जेमतेम 30 मिलिग्रॅम. एका आवळ्यात त्याहून कितीतरी जास्त असते. दोन्ही बाटल्यांवर 'व्हिटॅमिन सी सीरम' हेच नाव छापता येते आणि दोन्हींची किंमत सारखी ठेवता येते.

फेरुलिक अ‍ॅसिड आम्हाला परके नाही. रसायनशास्त्रज्ञांनी ते 1866 मध्ये हिंगाच्या चिकापासून वेगळे केले. भाताच्या कोंड्यातही ते भरपूर असते आणि साक्कोट्टैच्या चहूबाजूंना भातच भात आहे. कोंड्याच्या तेलातल्या ओरायझॅनॉलपासून ते कारखान्यात काढतात. पण कोंड्यात ते पेशीभित्तिकेला रासायनिक बंधाने जखडलेले असते, म्हणून कोंडा चेहऱ्याला चोळला की सीरमचे काम होते असे नाही. लिंबाचेही तसेच. लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व सुमारे 0.05 टक्के असते आणि सालीतल्या काही द्रव्यांमुळे रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून डाग पडू शकतात. पदार्थ कोणता हे कळून भागत नाही. तो किती आहे, कोणत्या रूपात आहे आणि कशात मिसळलेला आहे, यावर सारे ठरते.

आता आपल्या नियमांकडे येते. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक नंतर, कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. क्रमावरून अंदाज बांधण्याची एक युक्ती मी मुलींना शिकवते. यादीत फिनॉक्सिएथेनॉल शोधा. हे परिरक्षक आहे आणि त्याची मान्य कमाल मर्यादा 1 टक्का आहे. ज्या घटकाच्या नावाने बाटली विकली जाते तो फिनॉक्सिएथेनॉलच्या मागे असेल, तर तो बहुधा 1 टक्क्याच्या आतच आहे. फेरुलिक अ‍ॅसिड अर्ध्या टक्क्यातही काम करते, क जीवनसत्त्व करत नाही. तेव्हा ही युक्तीसुद्धा अर्धेच सांगते. ग्राहकाने अशा खुणांवरून माग काढत बसावे, ही काही माहिती देण्याची रीत नव्हे.

आणि त्याच नियमात एक सवलत आहे: 60 मिलिलिटरपेक्षा लहान द्रव पॅकवर घटकांची यादीच छापली नाही तरी चालते. सीरमची बाटली बहुतेक वेळा 30 मिलिलिटरची असते. लहान बाटलीवर जागा नसते या कारणाने ही सूट आली असेल, पण सीरमच्या बाबतीत ती सबंध प्रकारालाच मोकळे सोडते. अनेक कंपन्या यादी छापतात, काही टक्केवारीही छापतात. त्यांचे मी मनापासून कौतुक करते. पण त्या आपल्या मर्जीने छापतात. जी छापत नाही तिला कोणी विचारू शकत नाही.

हे व्हायला हवे तसे दुसऱ्या ठिकाणी आधीच झालेले आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग विनियमांत असे तत्त्व आहे की मिश्र खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर शब्दांनी किंवा चित्राने एखाद्या घटकावर भर दिला, तर त्या घटकाचे शेकडा प्रमाण सांगावे लागते. बिस्किटाच्या पुड्यावर बदामाचे चित्र काढले तर बदाम किती टक्के ते छापावे लागते. दहा रुपयांच्या पुड्याला जो नियम लागू, तो पाचशे-सहाशे रुपयांच्या सीरमला का नसावा? माझी सगळी मागणी या एका वाक्यात येते: जे नावात, त्याचे प्रमाण पाठीवर.

वनस्पतींच्या अर्कांना तर हे जास्तच लागू आहे. ग्रीन टी, मंजिष्ठा, आवळा, हळद ही नावे आपल्याकडे विश्वास घेऊनच येतात. पण 'हळदीचा अर्क 1 टक्का' म्हटल्याने त्यात कुरकुमिन किती हे कळत नाही. कुरकुमिन गर्द पिवळे असते. सीरम नितळ असेल तर त्यात एकतर रंगहीन टेट्राहायड्रोकुरकुमिन असेल किंवा हळद नावापुरतीच असेल. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. हळदीचे ज्ञान आपले आहे हे आपण कागदपत्रांनिशी सिद्ध केले. मग आपल्याच बाटलीत ती किती आहे, हेही आपण कागदावर आणले पाहिजे.

औषधाची माहिती कागदावर, तीही लोकांच्या भाषेत आणण्याचा आमच्या मुलखात जुना दाखला आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) तंजावरात धन्वंतरी महाल चालवला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सगळ्या पद्धतींचे वैद्य औषधांवर काम करत. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आणि चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. गुण आलेले उपचार 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने तमिळ पद्यात बांधले गेले. राजघराण्याची भाषा मराठी, दप्तर मोडीत. तरीही औषधाची माहिती जिथल्या लोकांना हवी त्यांच्या भाषेत उतरली. आज वैध मापन नियमांप्रमाणे आवेष्टित वस्तूंवरचा किंमत, वजन वगैरे मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरतो. कुंभकोणमच्या मुलीला तमिळ आणि कोल्हापूरच्या मुलीला मराठी मागण्याचा हक्क असायला हवा.

माहिती लपली की काय होते, हे रंग गोरा करणाऱ्या क्रीमनी दाखवले आहे. केरळच्या मलप्पुरम भागात आणि 2023 मध्ये आपल्या अकोल्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. संशय पाऱ्यावर गेला. आपल्या नियमांत नकळत उरणाऱ्या पाऱ्याची मर्यादा डोळ्यांची प्रसाधने सोडून इतरांसाठी दशलक्षात एक भाग इतकीच आहे. अँटिऑक्सिडंट सीरम हा अशा क्रीमपेक्षा अगदी वेगळा आणि बहुतांशी निर्धोक प्रकार आहे, हे मी स्पष्ट सांगते. पण लेबल न वाचता विश्वास ठेवण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे, आणि वाचण्याजोगे लेबल मिळाल्याशिवाय ती मोडणार नाही.

माझ्या मागण्या अशा:

1. चेहऱ्यावर लावून ठेवायच्या सीरमसाठी 60 मिलिलिटरखालच्या पॅकची सूट रद्द करावी.

2. नावात, जाहिरातीत किंवा चित्रात ज्या घटकावर भर असेल त्याची टक्केवारी छापणे सक्तीचे करावे. वनस्पतीचा अर्क असेल तर त्यातल्या मुख्य द्रव्याचे प्रमाणही द्यावे.

3. 'व्हिटॅमिन सी' किंवा 'व्हिटॅमिन ई' एवढे न लिहिता नेमके रूप त्याच आकाराच्या अक्षरात लिहावे. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड असेल तर पीएचही द्यावा. टोकोफेरॉल स्वतः अँटिऑक्सिडंट असते; टोकोफेरिल अ‍ॅसिटेट त्वचेत तुटल्यावरच तसे होते. हा फरक ग्राहकाला दिसला पाहिजे.

4. छापलेले प्रमाण वापराच्या शेवटच्या तारखेपर्यंत किती टिकेल याची किमान मर्यादा औषधांप्रमाणे ठरवावी. किती तापमानात ठेवायचे आणि उघडल्यावर किती महिन्यांत संपवायचे, हे छापावे.

5. ही माहिती विक्रीच्या राज्यातल्या भाषेत खोक्यावर किंवा आतल्या चिठ्ठीवर द्यावी.

यावर आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत. कंपन्या म्हणतील, हे आमचे व्यापारी गुपित आहे. आम्ही सगळी कृती मागत नाही. ज्या घटकाचा डांगोरा त्यांनी स्वतः पिटला आहे, तेवढ्याचेच प्रमाण मागतो. लहान उद्योजक म्हणतील, खर्च वाढेल. बॅच बनवताना कोणता घटक किती घातला याची नोंद त्यांच्याकडे असतेच. आणि एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड मोजणे म्हणजे आयोडीन आणि स्टार्च घेऊन केलेले अनुमापन, जे शाळेची मुलेही करतात. कोणी म्हणेल, लोकांना टक्के कळत नाहीत. तापाच्या गोळीवरचे 500 मिलिग्रॅम आमच्या आजीबाईंनाही कळतात, कारण ते वर्षानुवर्षे छापून येत आहेत. छापत गेले की लोक वाचायला शिकतात.

नियम बदलायचे तर प्रस्ताव औषध तांत्रिक सल्लागार मंडळापुढे जावा लागतो, हे मी जाणते. आपण त्या मंडळाचे सदस्य आहात. हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि त्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला करावा, एवढी माझी विनंती आहे.

हे पत्र वाचणाऱ्या बहिणींना आणि भावांनाही सांगते. नियम होईपर्यंत थांबू नका. गडद काचेची, हवा कमी शिरेल अशी लहान बाटली घ्या. तपकिरी झालेले सीरम टाकून द्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. सकाळी सीरम लावले तरी त्यावर सनस्क्रीन लावाच. सीरम त्याची जागा घेऊ शकत नाही. वांग किंवा न जाणारे डाग असतील तर दुकानात जाण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कंपनीला पत्र लिहून विचारा: कोणते रूप, किती टक्के, पीएच किती? उत्तर आले तर ते शेजारणीला सांगा. दावा खोटा वाटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे.

महोदय, माझ्याकडे बाटली घेऊन येणाऱ्या मुली भोळ्या नाहीत. त्या पगारातून पैसे बाजूला काढतात, चार बाटल्यांची तुलना करतात, प्रश्न विचारतात. त्यांना उपदेश नको, आकडे हवे आहेत. ते आकडे कारखान्याच्या नोंदवहीत आजही लिहिलेले आहेत. ते बाटलीच्या पाठीवर आणण्याची सुरुवात आपल्या हातून व्हावी.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
साक्कोट्टै, कुंभकोणम